गिरणी सुटताना

आजीच्या बहुतेक गोष्टी गिरणीच्या गेटावर सुरू व्हायच्या. ती रीलिंग खात्यात होती, आबा साचेखात्यात. दोघांच्या गिरण्या वेगळ्या, पाळ्याही वेगळ्या. आत जे तास जायचे त्यांच्याबद्दल दोघंही फार बोलत नसत. बोलायचं ते गिरणी सुटल्यावरचं. भोंगा झाला तरी कानात साच्यांचा खडखडाट कसा उरायचा, झडती घेणारी बाई लुगड्याच्या निऱ्या कशा चाचपायची, आणि गेटाबाहेर पाऊल टाकलं की डोळ्यांवर ऊन कसं यायचं, हे आजी हातवारे करून सांगायची. पगाराच्या दिवशी समोरच्या फुटपाथवर काठ्या टेकून पठाण सावकार उभे असत. त्यांच्या अलीकडे खानावळवाल्या बाया. आणि नवऱ्याचा पगार या दोघांच्या हाती लागण्याआधी आपल्या पदरात पडावा म्हणून कडेवर पोर घेऊन आलेल्या बायका सगळ्यांत पुढे, अगदी गेटाला खेटून. युनियनची द्वारसभा तिथंच व्हायची, हँडबिलं तिथंच वाटली जायची. गावाहून आलेली मयताची चिठ्ठीसुद्धा तिथंच हातात पडायची.

"आत सगळी सारखीच दिसतात गो बाय," आजी म्हणायची. "डोक्यावर कापूस, भुवयांवर कापूस. बाहेर आल्यावर कोण कोणाची ते कळतं."

पुढे शिकताना मला समजलं की पॅरिसमधल्या ज्या खेळापासून सिनेमाचा जन्म मोजतात, त्यात पडद्यावर आलेली पहिलीच फिल्म कारखाना सुटण्याची होती. एका गेटातून कामगार बाहेर पडतात, एवढंच तिच्यात आहे. जग दाखवायला निघालेल्या यंत्रानं सर्वांत आधी गेटच का दाखवावं, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. त्याचं उत्तर पुस्तकांत जेवढं मिळालं, त्याहून अधिक घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात मिळालं.

फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या मोंप्लेझिर भागात ल्युमिएर कुटुंबाचा कारखाना होता. तिथं फोटोग्राफीच्या काचेच्या प्लेटा बनत. वडील आंत्वान, मुलगे ऑग्युस्त आणि लुई. कामगारांत बायकांचा भरणा मोठा. १८९५ च्या मार्चमध्ये लुई यांनी आपलं नवं यंत्र गेटासमोर मांडलं. लाकडी पेटी, बाजूला हातानं फिरवायचा दांडा. तीच पेटी चित्र टिपायची, तीच प्रत काढायची आणि तीच पडद्यावर दाखवायची. फिल्म क्षणभर थांबवून पुढं ओढायची, पुन्हा थांबवायची, हे सेकंदाला सोळा वेळा साधायचं कसं, ही अडचण होती. शिवणयंत्रात कापड टाक्याटाक्यानं थांबत पुढं सरकतं, त्या रचनेवरून लुईंना ती सुटली. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला त्यांनी पेटंट घेतलं होतं. फिल्म सतरा मीटरची, चालायची पन्नास सेकंदांच्या आसपास.

या पन्नास सेकंदांत गेट उघडतं, टोप्या घातलेल्या बायका घोळक्यानं बाहेर पडून डावी-उजवीकडे फुटतात, मागून पुरुष येतात, कुणी सायकलवर असतो, एक कुत्रा पायांत घोटाळतो. हे दृश्य एकदाच टिपलेलं नाही. त्याच्या तीन आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. एकीत घोडागाडीला एक घोडा आहे, दुसरीत दोन, तिसरीत घोडाच नाही. म्हणजे कामगार गेटाआड गोळा करून ठेवले होते आणि फिल्म संपायच्या आत सगळे बाहेर पडावेत असा हिशेब होता. पहिल्या माहितीपटातले कामगार सांगितल्या वेळेला बाहेर पडलेले आहेत, आणि सांगणारा त्यांचा मालकच होता. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. पडद्यावरचा कामगार पहिल्यांदा दिसला तो मालकाच्या नजरेतून.

आजी पंच्याऐंशीच्या घरात असताना माझ्या भाच्यानं तिला संगणकावर ही फिल्म दाखवली. तिनं चष्मा पुसला, पुढं झुकली, शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग तिनं विचारलं, "झडती कुठं झाली?" आम्ही म्हटलं, यात ती दाखवलेली नाही. "बायांचे डबे कुठायत? सगळ्यांचे हात रिकामे." पुन्हा एकदा लावून घेतली आणि मग तिनं निकाल दिला: "हा कामाचा दिवस नव्हे. रविवारचं बोलावलंय यांना. कपडे बघ, धुऊन इस्त्री केलेले आहेत."

चित्रपटाच्या अभ्यासकांचंही या फिल्मच्या एका आवृत्तीबद्दल हेच मत आहे. ती रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर घेतली असावी, कारण कामगारांच्या अंगावर ठेवणीतले कपडे आहेत. अभ्यासकांनी ते सावल्या आणि पोशाख ताडून काढलं. आजीनं तीस वर्षं गेटातून बाहेर पडण्याच्या अनुभवावर ते एका मिनिटात सांगितलं.

आजीला रविवार लगेच ओळखू आला, त्यामागे मुंबईचा स्वतंत्र इतिहास आहे. तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या लहानपणी गिरण्यांना रविवार नव्हता. दिवस उगवताना आत आणि मावळताना बाहेर, आठवड्याचे सातही दिवस. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 'दीनबंधु' या वर्तमानपत्रातून हे दुखणं मांडलं. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत त्यांनी भरवलेल्या सभेला दहा हजार कामगार आले, आणि दोन कामगार बायकांनीही तिथं भाषणं केली. १० जूनला मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आबांकडे ही हकिकत त्यांच्या वडिलांकडून आलेली होती. ते सांगायचे, सुट्टीचे पहिले काही रविवार पणजोबांच्या खोलीतली माणसं सवयीनं पहाटेच उठून बसली, आणि मग उजाडेपर्यंत भजन म्हणत राहिली.

ल्यों आणि मुंबई एकमेकांना भेटली ती या सुट्टीनंतर सहा वर्षांनी. ल्युमिएर यांनी आपली माणसं यंत्रं देऊन देशोदेशी पाठवली होती. मारिउस सेस्टिए हे त्यांतले एक, पेशानं औषधविक्रेते. ऑस्ट्रेलियाला जाताना ते मुंबईत थांबले आणि ७ जुलै १८९६ रोजी काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात त्यांनी सहा फिल्मा दाखवल्या. तिकीट एक रुपया. संध्याकाळी सहा आणि सात, रात्री नऊ आणि दहा, असे चार खेळ. फिल्मांत रेल्वेगाडी येत होती, समुद्रात पोरं उड्या मारत होती, एक भिंत पाडली जात होती, आणि ल्योंचा तो कारखानाही सुटत होता.

सातच्या खेळाची वेळ माझ्या मनातून हलत नाही. जुलै महिन्यात मुंबईत साधारण त्याच सुमाराला दिवस मावळतो. काळ्या घोड्यापासून चार-पाच मैलांवर चिंचपोकळी, लालबाग, परळला गिरण्या सुटायची ती वेळ. वॉटसनमध्ये प्रवेश युरोपियनांना. त्यातले कितीतरी कापसाच्या आणि सुताच्या धंद्याशी जोडलेले असणार, कारण तेव्हाची मुंबई त्याच धंद्यावर उभी होती. त्यांनी रुपया मोजून परक्या देशातले कामगार घरी जाताना पाहिले आणि त्यांना नवल वाटलं. त्याच वेळी आपल्याच शहरातले हजारो कामगार पावसात भिजत घरी चालले होते. ते पाहायला कुणी तिकीट काढलं नसतं. चित्रात आलं की माणसं पाहिली जातात, ही त्या यंत्राची खरी ताकद, आणि पहिल्याच दिवसापासून ती मुंबईत दिसत होती असं माझं मत आहे.

आठवडाभरानं खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथं चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर होते, पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे बॉक्स होते. चार आणे कामगारालाही अशक्य नव्हते, पण अंधार पडेपर्यंत गिरणीत असलेल्या माणसाला बोरीबंदरापर्यंत पोहोचायला वेळ कुठून मिळणार? या खेळांनी आपल्याकडचा एक माणूस मात्र झपाटला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. फोटोग्राफीचा त्यांचा व्यवसाय होता. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. गिरणगावच्या प्रत्येक आळीत तालीम होती, तेव्हा ती कुस्ती कामगारांच्याही जिव्हाळ्याचा विषय होती.

सेस्टिए मुंबईतून गेले आणि महिन्या-दोन महिन्यांतच, सप्टेंबरात, मांडवीत प्लेग निघाला. पणजोबा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. आबांनी ऐकलेली गोष्ट अशी: खोलीत बाराजण राहत, त्यांतले दोघे आठवड्यात गेले. उरलेल्यांनी वळकट्या उचलल्या आणि बोटीनं रत्नागिरी गाठली. लाखो लोकांनी शहर सोडलं. गिरण्या ओस पडायला लागल्या तेव्हा जॉबर नाक्यानाक्यांवर उभे राहून कामगारांसाठी बोली लावू लागले, आणि महिनोन्‌महिने थकणारा पगार रोजच्या रोज हातावर पडू लागला. रोज पगार मिळतो असं कळल्यावर पणजोबा गावाहून परत आले. आई रडत होती, तिला सांगून आले. "आमची किंमत प्लेगानं वाढवली," हे त्यांचं वाक्य आबा कडवटपणानं सांगायचे. त्याच साथीत, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, लोखंडे गेले. कामगारांना रविवार मिळवून देणारा हा माणूस साथीत रुग्णांमध्ये काम करता करता प्लेगाला बळी पडला.

मुंबईत हे खेळ चालले होते त्याच जुलै महिन्यात रशियातल्या निझ्नी नोवगोरोदच्या जत्रेत मॅक्सिम गॉर्की ल्युमिएरच्या फिल्मा पाहत होते. तेव्हा ते तिशीच्या आतले पत्रकार होते. त्यांनी वर्तमानपत्रात जे लिहिलं त्यात कौतुकापेक्षा अस्वस्थता जास्त आहे. त्यांना ते सावल्यांचं राज्य वाटलं. माणसं राखाडी, झाडांची पानं राखाडी, आणि कशालाच आवाज नाही. हसणारा हसतो पण हसू ऐकू येत नाही, याची त्यांना भीती वाटली. दहा वर्षांनी याच गॉर्कींनी 'आई' लिहिली. आपल्याकडच्या कामगार चळवळीत ती घरोघर वाचली गेली. कारखान्याच्या भोंग्यानंच ती कादंबरी सुरू होते.

गॉर्कींच्या त्या लेखाविषयी वाचताना मला आबा आठवले. आबा घरात मोठ्यानं बोलायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायचे. ऐकायला कमी यायचं म्हणून, असं आम्ही समजायचो, आणि ते खरंही होतं. पण आजीनं दुसरं कारण सांगितलं. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नसे. तिथं बोलायचं ते ओठांनी आणि बोटांनी. मुकादम येतोय, धागा तुटलाय, पाणी प्यायला चाललोय, संध्याकाळी भजनाला ये, सगळं ओठांवरून वाचायचं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या विणकर बायकांचीही अशीच ओठांची बोली होती आणि ती तिकडं प्रसिद्ध आहे. अशा माणसांना मुकी फिल्म गॉर्कींसारखी भीतिदायक वाटली नसणार. दिवसभर ती त्याच आवाजबंद जगात बोलत होती. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलले तर तो काय म्हणतोय हे त्यांना कळत असणार.

लँकेशायरचं आणि आपलं नातं जुनं. वऱ्हाडातला कापूस तिकडं गेला, तिकडचं कापड इकडं आलं, मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यावर निर्बंध यावेत म्हणून मँचेस्टरच्या मालकांनी जोर लावला. त्याच लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न गावात सॅगर मिचेल आणि जेम्स केन्यन या दोघांनी १९०० च्या सुमारास एक धंदा सुरू केला. फिरते खेळवाले त्यांना सांगत, अमक्या गिरणीच्या गेटावर या. हे दोघं गिरणी सुटायच्या वेळेला कॅमेरा लावत. शाली पांघरलेल्या बायका, लाकडी तळव्यांचे बूट घातलेली पोरं, टोप्या हलवणारे पुरुष. पोरांत अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी अशी बारा-बारा वर्षांची मुलं होती. फिल्म ताबडतोब धुऊन गावच्या जत्रेत किंवा सभागृहात दाखवली जाई आणि जाहिरात असे की या, स्वतःला पाहा. फिल्ममध्ये जितके चेहरे जास्त, तितकी तिकिटं जास्त. म्हणून या चित्रणांत सगळी गर्दी कॅमेऱ्याच्या तोंडाशी आलेली दिसते, आणि कधीकधी खेळवाला स्वतःच मध्ये उभा राहून लोकांना पुढं ढकलताना दिसतो.

ल्युमिएर यांनीही ही गंमत ओळखली होती. जून १८९५ मध्ये ल्योंजवळ फोटोग्राफरांची परिषद भरली होती. सहलीच्या बोटीतून उतरणाऱ्या प्रतिनिधींना लुई यांनी टिपलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना ते दाखवलं. ते प्रतिनिधी मात्र प्रतिष्ठित मंडळी होती, त्यांच्या घरी तसबिरी होत्या. ब्लॅकबर्नच्या गिरणीतल्या बारा वर्षांच्या पोरानं स्वतःला पडद्यावर चालताना पाहणं ही वेगळी गोष्ट आहे. आरशाच्या तुकड्यात चेहरा दिसतो, आपली चाल दिसत नाही. आपण इतक्यांत एक आहोत, हेही दिसत नाही. गेटातून बाहेर पडणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते. पडद्यावर त्याला सगळी गिरणी समोरून दिसली. आपण किती जण आहोत, हे कामगारांना डोळ्यांनी दिसण्याचे प्रसंग त्या काळी दोनच होते, एक संपाची सभा आणि दुसरा हा खेळ.

आमच्या लालबागच्या चाळीतली एक गोष्ट आजीनं मला अनेकदा सांगितली. पन्नासच्या दशकातली. चाळीमागच्या मैदानात सरकारी प्रचार खात्याची गाडी यायची, दोन बांबूंना पांढरं कापड बांधायची आणि माहितीपट दाखवायची. जागा कमी, म्हणून पोरं कापडाच्या मागं बसत आणि सगळं उलटं पाहत. एकदा गिरण्यांवरची फिल्म लागली. कापसाच्या गाठी, चात्या, साचे, कापडाचे ढीग, वर निवेदकाचा भारदस्त आवाज. लोक कंटाळले होते, रोजचंच काय बघायचं म्हणून. शेवटी पाळी सुटली आणि गेटातून माणसं बाहेर आली. तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर आपली गिरण!" मैदान उभं राहिलं. नावांचा पाऊस पडला. हा पांडू, तो दुसऱ्या माळ्यावरचा, तो बघ जॉबर, मान खाली घालून चाललाय. निवेदकाचा आवाज कुणालाच ऐकू येईना.

आणि मग सगळे गप्प झाले. पडद्यावर खालच्या मजल्यावरचा एक माणूस डोक्यावरची टोपी सारखी करत चालला होता. वर्षभरापूर्वी तो छातीच्या दुखण्यानं गेला होता. त्याची बायको आजीच्या शेजारीच बसली होती. चार-पाच पावलं तो चालला आणि चौकटीबाहेर गेला. ती बाई रडली नाही. तिनं आजीचा हात धरला आणि म्हणाली, "डबा हलका दिसतोय. जेवला वाटतं त्या दिवशी."

चाळीतल्या पोरांनी ऑपरेटरला विनवलं. त्यानं रीळ मागं घेऊन तेवढा भाग पुन्हा दाखवला. खात्याच्या नियमात ते बसत होतं की नाही देव जाणे, पण त्यानं दाखवला. त्या माणसाचा एकही फोटो घरी नव्हता. मुलगी तान्ही असताना बाप गेलेला. तिला वर उचलून धरलं होतं. तिला काय दिसलं आणि काय कळलं हे सांगता येणार नाही, पण पुढे आयुष्यभर ती म्हणायची की मी बापाला चालताना पाहिलं आहे.

डिसेंबर १८९५ मध्ये पॅरिसच्या ग्रँड कॅफेत ल्युमिएर यांचा तो पहिला खेळ झाला तेव्हा एक फ्रँक देऊन आत आलेले प्रेक्षक तेहतीस होते. दोन दिवसांनी पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की, आपल्या माणसांना हलता-चालताना टिपून ठेवणं प्रत्येकाला जमू लागेल तेव्हा मृत्यू पूर्वीइतका संपूर्ण राहणार नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती पत्रकारांची अतिशयोक्ती वाटली नाही, कारण लालबागच्या मैदानातली ती चार-पाच पावलं मला लहानपणापासून ठाऊक होती.

पण त्या माणसाची छाती कशानं गेली, हे त्या फिल्ममध्ये नव्हतं. कापसाचा कोंडा वर्षानुवर्षं फुप्फुसात जातो आणि माणसाला दम लागायला लागतो. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात, त्यात घामानं अंग भिजतं आणि बाहेर पडल्यावर वारा लागतो. धोट्यात धागा ओवताना तो तोंडानं ओढून घ्यायची पद्धत होती, त्यामुळे एकाचा खोकला दुसऱ्याला लागायचा. हे सगळं गेटाच्या आत होतं आणि कॅमेरा बराच काळ गेटाबाहेर उभा राहिला. जर्मन दिग्दर्शक हारून फारोकी यांनी १९९५ साली, सिनेमाच्या शंभरीत, निरनिराळ्या चित्रपटांमधली कारखाना सुटण्याची दृश्यं एकत्र करून एक फिल्म केली. चित्रपटांना काम दाखवण्यापेक्षा काम संपल्यावरचा माणूस दाखवण्यात अधिक रस असतो, हा त्यांचा मुद्दा तिच्यातून डोळ्यांपुढं उभा राहतो. सरकारी माहितीपट आत गेले तेव्हा त्यांनी यंत्रं दाखवली, उत्पादन दाखवलं. साच्यामागच्या माणसाला बोलू दिलं ते फार उशिरा.

आमच्याकडे तो उशीर जीवघेणा ठरला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. गिरणी सुटली ती पुन्हा भरलीच नाही. भोंगा बंद झाल्यावर आबा कितीतरी दिवस पहाटे चारला उठून बसत, आणि आजी काही न बोलता चहा ठेवी. ज्या वेळी कॅमेरा आत जायला हवा होता त्या वेळी साचे भंगारात निघाले होते. तरी काही लोकांनी काम केलं. आनंद पटवर्धन यांनी १९९६ मध्ये बंद गिरणी स्वतः उघडणाऱ्या कामगारांवर माहितीपट केला. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००१ मध्ये 'साचा' हा माहितीपट काढला. त्यात गिरणी कामगार आई-बापांनी वाढवलेले कवी नारायण सुर्वे आहेत आणि चित्रकार सुधीर पटवर्धन आहेत. 'साचा' पाहताना वडील एकदाच बोलले, "आवाज बरोबर आहे." साच्याच्या आवाजाबद्दल म्हणत होते.

मिचेल आणि केन्यन यांच्या फिल्मांचं पुढं काय झालं, ते सांगायला हवं. १९९४ मध्ये ब्लॅकबर्नमधल्या त्यांच्या जुन्या दुकानाच्या तळघरात कामगारांना धातूची मोठी पिंपं सापडली. त्यांत आठशेहून अधिक फिल्मांची रिळं होती, नव्वद वर्षं जपून राहिलेली. गावातल्याच एका जाणत्या माणसानं ती सांभाळली, पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं ती दुरुस्त केली आणि बीबीसीनं २००५ साली ती जगाला दाखवली. त्या गर्दीतल्या काही माणसांच्या वंशजांना शोधून त्यांना ती दाखवण्यात आली. पण बहुतेक चेहऱ्यांना नाव लागलेलं नाही. ओळखणारी माणसं रिळं सापडण्याआधीच गेली होती. चित्र नव्वद वर्षं टिकलं, नावं तेवढी टिकली नाहीत.

मुंबईच्या गिरण्यांची चित्रं सरकारी संग्रहांत आहेत, वर्तमानपत्रांच्या कपाटांत आहेत, आणि कितीतरी आपल्या घरांत आहेत: दसऱ्याला साच्याची पूजा केली तेव्हाचा फोटो, खात्याच्या सत्यनारायणाचा, कुणाच्या निवृत्तीचा, युनियनच्या सहलीचा. तीन रांगा, मध्ये हार घातलेला माणूस, मागं गेट. आमच्याकडच्या अशा एका फोटोत एकोणतीस माणसं आहेत. आजी असताना मी तिला बसवून बावीस नावं लिहून घेतली. उरलेले सात जण आबांच्या खात्यातले होते आणि आबा तेव्हा नव्हते.

तुमच्या घरी असा फोटो असेल आणि त्यातली माणसं ओळखणारं कुणी अजून असेल, तर त्यांच्या शेजारी बसा. नाव, खातं, गाव आणि चाळ, एवढं प्रत्येकाचं विचारून घ्या. फोटोच्या मागं लिहा, पण पेन्सिलीनं आणि हलक्या हातानं. शाई कालांतरानं पुढं उमटते आणि चेहरे खराब करते.